नऊ पावलं

मसाका रस्त्यावर एकतीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या,
मातीतलं मला काही कळत नाही.
म्हणून शेजारच्या नान्तुमेकडे गेलो.
वय सत्तरच्या पुढं, कमरेला कोयता, शब्द मोजके.
म्हटलं, परसात केळी लावायच्यात.

"कशासाठी?"

साधा प्रश्न, मी अडखळलो.
वाफवून खायची तर जात निराळी,
निखाऱ्यावर भाजायची तर गोन्जा,
दारूची म्बिद्दे, तोंडात घातली तर जीभ आखडते,
आणि पोरांच्या हातात द्यायची तर बोटाएवढी न्दीझी.
पोरं आता कम्पालात, मी म्हणालो. दारू डॉक्टरनं सोडवली.
"मग वाफवायची. एकट्यालाही जेवावं लागतंच."

तिच्या बागेत मुनवे गुडघ्याएवढे उभे.
मी बोट दाखवलं एका गुबगुबीत, रुंद पानांच्या मुनव्याकडे,
हिरवागार, नुकतं तेल चोळल्यासारखा.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.
"पाणचट आहे तो. वर नुसती पानं, खाली काही नाही.
आईला नीट धरलेलंच नाही त्यानं."
असला नको, तलवारीसारखा बघ, म्हणाली:
पानं पात्यासारखी अरुंद, चेहरा रागीट,
बुडाशी मात्र जाड. तो अजून घरचं जेवतो.

तसा एक बघत बघत कुंपणापर्यंत आलो.
तिथं एक दाट बेट होतं. ती थांबली.
"हे माझं नाही."

मग कुणाचं?

"लुन्कुसेनं लावलं होतं. तुमच्या बाजूला, पायरीपाशी.
तुम्ही शहरात गेलात त्या साली."

केळ चालते, हे मला ठाऊक नव्हतं.
आई एकदाच घड देते, मग कोयता.
लेक जरा बाजूला उगवते, नात तिच्या पलीकडं,
वर्षाला एक वीत म्हण.
बंद घराकडं पाठ करून ती चालत राहिली,
कुंपणाखालून गेली, कुणाला विचारलं नाही,
नान्तुमेच्या चुलीची राख, शेंगांची टरफलं खाऊन माजली.
मी पायरीपासून मोजलं.
नऊ पावलं.

लुन्कुसे शेवटी शेवटी खाटेपासून खिडकीपर्यंतही चालत नव्हती.
हे मी नान्तुमेला सांगितलं नाही.
विचारलं फक्त, इतकी वर्षं घड कोण खायचं?
"मीच की. जात चांगली आहे."

कोयता तिनं आधी जाळावर धरला,
एका बागेचा रोग दुसऱ्या बागेत पात्यावर बसून जातो म्हणे.
मुनवा आईपासून तोडताना करकर आवाज आला,
गंजलेला बोल्ट सुटावा तसा.
कंद सोलायचं काम माझं. ते जमलं.
गिअरबॉक्सवरचं जुनं ग्रीस खरवडतात तसं खरवडलं,
किड्यानं पाडलेलं एक काळं भोक लागलं,
पांढरं दिसेपर्यंत कापत गेलो.
वरची काळी माती एका बाजूला, खालची लाल दुसऱ्या.
पैसे काढले तर तिनं कुदळ उचलली.

मी खड्डा पायरीपाशी घेणार होतो.
"तिथं नको," ती म्हणाली.
"इथं लाव, कुंपणाच्या आत.
दरवेळी घराकडच्या अंगाचा मुनवा तेवढा ठेव,
बाकीचे काप, दया करू नकोस.
येईल ती आपोआप."

किती दिवसांत?

"सांगितलं ना. वर्षाला वीत."

मी सहासष्टचा.
हिशेब मांडायला घेतला, अर्ध्यात सोडला.
ती निघून गेली होती, तिचं दूध उतू चाललं होतं.
मी कॉफीची टरफलं बुंध्यापासून हातभर लांब पसरली,
आणि पाण्याचा दुसरा डबा आणायला
घराकडं गेलो, मोजत.